दुधरामचा रॉड आणि आमचा गुड्डू

"सुमित्रे, माझ्या मागं गुड्डूवर वरडजो नोको. वरडलीस का तो नेमकं तेच करते. पोटभर जेवू घालजो, आन् तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेजो."

हे माझ्या सासूबाईंचं बोलणं. खाटेवरून उठणं बंद झालं होतं तेव्हाचं. घराची किल्ली, गाईचं दूध, देवघरातली समई, या कशाबद्दल त्या बोलल्या नाहीत. बोलल्या त्या एवढंच.

गुड्डू माझा धाकटा दीर. शाळेच्या दाखल्यावर खेमराज, पण त्या नावानं त्याला फक्त शाळेनंच हाक मारली. मी लग्न होऊन पळसटोल्यात आले तेव्हा तो अर्ध्या चड्डीत आंब्यावर चढलेला होता आणि खाली माझे सासरे ओरडत होते. ते जितकं ओरडत, तितका तो वरच्या फांदीवर जाई. सासूबाईंनी भाताचं ताट आणून झाडाखाली ठेवलं, तेव्हा खाली आला. ते मी पाहिलं होतं, म्हणून त्यांचं सांगणं मला पटलंच होतं. शिवाय माझा आवाज मुळात लहान. आमचे हे म्हणतात, "तू गाईले हाकलली तं गाय जवळ येते."

गुड्डू मोठा झाला तो कबड्डीत. धानाची रोवणी झाली की आमच्या भागातल्या पोरांना दुसरं काही सुचत नाही. पळसटोल्याच्या टीमचा तो चढाईवाला, आणि दुधराम कप्तान. दुधराम आमच्या गल्लीतलाच, सुशिलाबाईंचा एकुलता एक. त्या काळी हायवे चौपदरी होत होता, कोहमाऱ्याच्या चौकात सगळा धुरळा आणि दगड. दुधराम मोटरसायकलवरून येताना तिथं ट्रकला धडकला. चालत्या ट्रकला धडकला असता तर लोक हळहळले असते. दुधराम उभ्या ट्रकला धडकला. ड्रायव्हर शेजारच्या ढाब्यावर जेवत होता.

मांडीचं हाड मोडलं. गोंदियाच्या डॉक्टरांनी आत रॉड टाकला, कमरेपासून गुडघ्यापर्यंत. आणि सुट्टी दिली ती नेमकी शनिवारी.

काळी-पिवळी जीप दारात थांबली, दोघातिघांनी दुधरामला उचललं, आणि सुशिलाबाई उंबऱ्यावर हात आडवे करून उभ्या राहिल्या.

"थांबा! आज शनवार हाय. याच्या तंगडीत लोखंड हाय. शनवारी घरात लोखंड आणत असतात का?"

मला बोलावणं आलं. माझे वार, उपास चालू असतात हे गावाला माहीत आहे, त्यामुळे कोणत्या दिवशी केस धुवावे, कोणत्या दिवशी सुपं विकत घ्यावी, असलं कोणाला अडलं की माझ्याकडे येतात. मी हातातला वातीचा कापूस ठेवून गेले. दुधराम तिघांच्या हातावर लोंबकळत होता.

"मावशी," मी म्हटलं, "शनिदेव पाहते तो हातात धरून काय आणलं ते. माणसाच्या मांसाच्या आत काय हाय, ते त्याले चालते."

"हे तुले त्यानं सांगितलं का?"

"नाही."

"मंग? घरात लोखंड मी आणीन आन् साडेसाती तू भोगशील का?"

दुधराम म्हणाला, "माय, माझा हात सुटून राहिला."

शेवटी असं ठरलं की रविवार उजाडेपर्यंत त्याला सपरीत ठेवायचं. सपरी म्हणजे घराच्या पुढची ओसरी. उंबऱ्याच्या बाहेर, पण पावसाच्या आत. देवाच्याही दृष्टीनं अर्धवट. तिथं खाट टाकली. आणि तिथंच सगळा घोटाळा झाला, असं मला आता वाटतं. आत नेऊन झोपवला असता, तर चार नातेवाईक येऊन गेले असते आणि गोष्ट संपली असती. पण दिवसभर तो रस्त्यावर मांडून ठेवल्यासारखा पडला. बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, जाणारा थांबला, बांधीतून येणारा थांबला. एका म्हाताऱ्यानं काठीच्या टोकानं मांडीवर टकटक केलं आणि कान लावला.

"वाजते गा! टणटण वाजते."

"तुमची काठी वाजते, बाबा," दुधराम विव्हळला.

आमचा गुड्डू घरी धावत आला आणि जुन्या भोंग्यातला लोहचुंबक घेऊन गेला. मांडीवर लावला. चिकटला नाही. वर लावला, खाली लावला, बाजूनं लावला. मग गुड्डूच म्हणाला, "लोखंड असतं तं चिकटलं असतं. म्हणजे हे लोखंडापेक्षा भारी काहीतरी हाय."

सगळ्यांनी माना हलवल्या. सुशिलाबाई आतून म्हणाल्या, "लोखंड नोहे तं घ्या मंग आत!" आणि लगेच म्हणाल्या, "नोको, राहू द्या. शनिले चुंबक लागत नाही."

रविवारी दुधराम आत गेला, पण गावात एक गोष्ट बाहेर राहिली: दुधरामच्या पायात लोखंडापेक्षा भारी काहीतरी आहे.

ती वर्षभर वाढली. पुढच्या दिवाळीनंतर मंडईचे दिवस आले. आमच्याकडे दिवाळी झाली की एकेका गावाची मंडई भरते. दिवसा दुकानं आणि पाहुणे, आणि मैदानात कबड्डी. दुधराम पहिल्यांदा मैदानात उतरला. मी बायकांमध्ये बसून वाती वळत होते. समोर चिचगडची टीम. शिट्टी वाजायच्या आधीच त्यांचा कप्तान पंचाकडे गेला. पंच म्हणजे शाळेतले खेळाचे मास्तर.

"सर, नियम काय हाय? मैदानात लोखंड चालत नाही."

"बरोबर. कडं काढा, अंगठी काढा, साखळी काढा."

"मंग याले रॉड काढाले सांगा."

मास्तर विचारात पडले. त्यांनी नियमांचं पुस्तक चाळलं. तेवढ्यात गुड्डू मध्ये घुसला. "सर, याच्या दाढेत चांदी भरली हाय. मी पाहिली. आधी याची दाढ काढा, मंग आम्ही रॉड काढतो."

मास्तरांनी पुस्तक मिटलं. "कातडीच्या आत जे आहे ते खेळाडूचं. खेळा."

मग काय झालं ते मंडईतल्या प्रत्येकानं वेगळं सांगितलं. मी पाहिलं ते एवढं, की दुधराम कोपऱ्यात उभा होता, चिचगडचा चढाईवाला आत आला, त्यानं दुधरामला हात लावायच्या ऐवजी लाथ घातली, आणि स्वतःच पाय धरून नाचत सुटला. अंगठा मोडला होता. पोरांनी दुधरामला खांद्यावर घेतलं ते घरापर्यंत खाली ठेवलंच नाही.

त्या दिवसापासून कुठल्याच गावचा पोरगा दुधरामच्या कोपऱ्याकडे फिरकेना. आमची टीम जिंकत गेली. चढाईवाला आत आला की दुधराम नुसता खांबासारखा उभा राही, एवढं पुरत असे. लोक म्हणत, "रॉडवाला कोणता?" आणि बोट दाखवत.

आणि आमच्या गुड्डूच्या डोक्यात किडा शिरला.

त्याचं लक्ष जेवणात नाही, हे मला आधी कळलं. भात तसाच, वरण तसंच.

"वयनी, मोडल्यावर रॉड टाकणं म्हणजे चोरी झाल्यावर कुलूप लावणं हाय का नाही?"

"बाबू, भात घे."

"खेळाडूचं हाडच मुळात कच्चं. मोडते, मंग सहा महिने घरी. त्याच्यापेक्षा आधीच लोखंड बसवून टाकलं तं? दोन्ही पायांत, दोन्ही हातांत. मंग दुखापत होईनच कशी?"

"आणि डोक्यात?" आमच्या ह्यांनी विचारलं. ते ताटावर बसले होते.

"डोक्यात कायले?"

"तिथं पोकळ जागा हाय म्हणून म्हणलं."

गुड्डू ताटावरून उठला नाही, कारण मी मध्येच कढी वाढली. पण दुसऱ्या दिवशी तो म्हणाला की गोंदियाला डॉक्टरांकडे जाऊन येतो, आणि घरचं माणूस सोबत लागतं म्हणून मी गेले. मनात म्हटलं, डॉक्टर शिकलेला माणूस आहे, चार शब्द सांगेल, मला तोंड उघडावं लागणार नाही.

दवाखान्यात इतकी गर्दी की मोडलेली माणसंही उभी होती. आमची पाळी आली तेव्हा डॉक्टरांनी वर न पाहताच विचारलं, "क्या तकलीफ है?"

"तकलीफ नाही, साहेब. होऊ नये म्हणून आलो."

"फ्रॅक्चर कहाँ है?"

"अजून नाही झालं."

आता डॉक्टरांनी वर पाहिलं. गुड्डूनं सगळं समजावून सांगितलं. कुलूप, चोरी, कच्चं हाड, सगळं. डॉक्टर माझ्याकडे वळले. "ये आपके कौन हैं?"

"दीर."

"कब से ऐसे हैं?"

"लहानपणापासून," मी म्हटलं. खोटं कसं बोलणार?

डॉक्टर हसले, कंपाउंडर हसला, मागे उभा असलेला हात मोडलेला माणूसही हसला. "अच्छे पैर में रॉड नहीं डालते, भाई. पहले तोड़ के लाओ, फिर देखेंगे. चलो, नेक्स्ट!"

सगळे हसले, एक गुड्डू सोडून. एसटीत तो खिडकीजवळ बसला, सडक अर्जुनीपर्यंत बाहेरच पाहत राहिला. मग माझ्याकडे वळून समाधानानं म्हणाला, "वयनी, डॉक्टर हो म्हणला."

"कधी म्हणला?"

"म्हणला ना. तोडून आणा म्हणला."

माझ्या हातात जपाची माळ होती ती तशीच थांबली.

घरी आल्यावर मी ह्यांना सांगितलं, ती चूकच झाली. ह्यांचा आवाज मोठा. "गुड्ड्या, तंगडी मोडलीस तं घरात पाय ठेवू देणार नाही!" असे ओरडले की शेजारची कोंबडी खुराड्यातून बाहेर आली. मी पदराआडून खुणा करत होते, पण ते पाहतील तर ना. झालं. गुड्डूचा विचार तोपर्यंत नुसता विचार होता, आता हट्ट झाला.

प्रश्न एवढाच राहिला की पाय मोडायचा कसा. आधी तो झाडावरून तनशीच्या ढिगावर उडी मारून आला. तनीस म्हणजे धानाचं गवत. त्यावर पडून काय मोडणार? केसांत गवत भरून परत आला. मग टीममधल्या संघदीपला म्हणाला, "तू बैलबंडीचं चाक पायावरून ने."

संघदीप शांत पोरगा, बौद्धवाड्यातला, पौर्णिमेला विहारात वंदना म्हणणारा. तो म्हणाला, "मी पंचशील घेतलं हाय. प्राण्याले इजा करत नाही."

"अरे, प्राण्याले नाही, माह्या पायाले!"

"तुझा पाय प्राण्यातच येते, गा."

शेवटी गुड्डू कप्तानाकडे गेला. कप्तानानं मोडला तर टीमचा निर्णय होतो, असं त्याचं म्हणणं. दुधराम म्हणाला, "रविवारी पाहू."

हे मला कसं कळलं? गुड्डूनंच येऊन सांगितलं. मी देवघर पुसत होते.

"वयनी, रविवारी तुझं मुसळ पाहिजे."

"कायले?"

"पाय मोडाले."

असं सरळ, जसं कोणी चाळणी मागावी. ओरडावंसं वाटलं, देवाशपथ वाटलं. तो चांगला पाय. त्याच पायानं पोर सासूबाईंच्या अंगणात चालायला शिकलं असेल. हाड मोडायला एक क्षण लागतो, आणि मुसळ काही मोजूनमापून मोडत नाही. मी फडकं पिळलं, परत पिळलं.

"बाबू, सोमवारी माझ्या सोळा सोमवारांचं उद्यापन हाय. व्रताच्या घरात रक्त सांडू नये, कोणी विव्हळत पडू नये. तेवढं होऊ दे. मंग मंगळवारी मुसळ घेऊन जा."

तो लगेच म्हणाला, "तुह्या देवाच्या आड मी कायले येऊ? मंगळवारी."

म्हणजे मला मंगळवारपर्यंत वेळ मिळाला. पण वेळ घेऊन करायचं काय, ते काही सुचत नव्हतं. शंकराला विचारलं. शंकर माझ्यासारखाच, हळू बोलणारा.

दुसऱ्या दिवशी बोअरिंगवर पाणी भरताना दुधरामची बायको नूतन भेटली. उद्यापनाला मेहूण जेवू घालतात, म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एक जोडी अजून ठरायची होती. मी सहज म्हटलं, "नूतन, सोमवारी तू आणि दुधराम जेवाले या."

नूतनचा चेहरा पडला. "वयनी, पाटावर बसावं लागते का?"

"मेहूण पाटावरच बसते ना."

ती बादली तशीच ठेवून इकडेतिकडे पाहू लागली. मग हळूच म्हणाली, "ते खाली बसत नाहीत."

"मांडी घालत नाही?"

"मांडीचं सोडा. गुडघा वाकतच नाही पुरा. सकाळी बांधीकडे जातात ना... मी मागून खुर्ची नेते. प्लास्टिकची. मधून कापली हाय. वरून लुगडं टाकते, लोकाईले वाटते धुणं घेऊन चालली."

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं, दोन्ही एकदम. नूतन म्हणाली, "वयनी, कोणाले सांगू नोको हो. ते म्हणतात, घरात मी दुधराम, बाहेर मी रॉडवाला."

मी कोणाला सांगितलं नाही. पण जेवणाचं आवतण मागेही घेतलं नाही. माझ्या मनात काहीच नव्हतं असं म्हटलं तर देव ऐकतो आहे. मी एवढंच म्हटलं, "देवाचं जेवण हाय, नूतन. त्याला नाही म्हणू नये. पाट भिंतीजवळ मांडीन."

दुधरामनं टाळून पाहिलं. ताप आला म्हणाला. सुशिलाबाईंनी कपाळाला हात लावला आणि सोमवारी दुपारी स्वतः दंड धरून त्याला आमच्याकडे आणलं. "उद्यापनाचं आवतण मोडत असतात का? आधीच शनि मागं हाय, आता शंकरही लावून घेतोस का?"

अंगण सारवलेलं, पाट मांडलेले, पानं वाढलेली. चुरमा, वरणभात, वडे, कढी. वाढायला गुड्डू. दुधराम पाटापुढे उभा राहिला आणि उभाच राहिला.

"मी उभ्यानं खातो. डॉक्टरनं तसं सांगितलं हाय."

"उभ्यानं खातात ते लग्नातल्या बुफेत," सुशिलाबाई म्हणाल्या. "बस!"

दुधरामनं भिंतीला पाठ लावली आणि घसरत घसरत खाली आला. बसला. पण एक पाय दुमडला आणि दुसरा सरळच राहिला, पंगतीच्या आडवा, रेल्वे फाटकाच्या दांड्यासारखा. गुड्डू कढीची बादली घेऊन आला आणि फाटकापाशी थांबला.

"कप्तान, पाय आवर."

"नाही आवरत."

"म्हणजे?"

"नाही आवरत म्हणजे नाही आवरत. तू पलीकडून ये."

जेवणाऱ्याचा पाय ओलांडायचा नसतो. म्हणून गुड्डू मागच्या दारानं सांदवाडीत, म्हणजे परसात गेला, घराला वळसा घालून पुढच्या दारानं आला, आणि पलीकडच्या माणसांना कढी वाढली. मग भात. मग वडे. प्रत्येक पदार्थ घराला प्रदक्षिणा घालून येत होता. पलीकडे बसलेल्या एका काकांना कढी आवडली, त्यांनी पुन्हा मागितली, पुन्हा मागितली. गुड्डूला घाम फुटला. मी दुधरामकडे पाहत होते. तो मान खाली घालून चुरमा खात होता, आणि कपाळावर त्याच्याही घाम होता.

जेवणं झाली. लोक उठले, हात धुतले, विडे घेतले, गेले. सुशिलाबाई मंदिरात गेल्या. नूतन माझ्या मदतीला आत आली. दुधराम बसलेलाच.

"ऊठ ना गा," गुड्डू म्हणाला. "सारवाचं हाय."

"तू जाय पुढं. मी येतो."

"कोठी जाऊ पुढं? हे माहंच घर हाय."

दुधरामनं सुपारी चघळल्यासारखं केलं. तोंडात सुपारी नव्हती. मग त्यानं हात वर केला. गुड्डूनं तो धरून ओढला, आणि दुधरामच्या तोंडून "अयाई गं!" असं निघालं की नूतनच्या हातातलं पातेलं हललं. गुड्डूनं घाबरून त्याला कमरेत धरलं, लहान पोराला उचलावं तसा उचलला, आणि सपरीतल्या खाटेवर नेऊन बसवला.

आमच्या स्वयंपाकघराची भिंत कुडाची आहे, शेणामातीनं लिंपलेली. मी आत पानं गोळा करत होते. ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू येतं.

"दुखते का?"

"रोज. थंडीत तं लगितच दुखते. गुडघ्यापाशी रॉडचं टोक टोचते."

"मंग तो चिचगडवाला? त्याचा अंगठा मोडला तो?"

"त्याचा अंगठा मोडला, आन् माह्या डोळ्यापुढं तारे चमकले. तुम्ही खांद्यावर घेतलं म्हणून बरं, नाहीतं मले पाय टेकवत नव्हता. आठ दिवस खाटेवर होतो. नूतननं सांगितलं, कप्तान आराम करून राहिले."

"आन् तू कोपऱ्यात उभा राहतोस ते?"

"मंग का धावू? धावताच येत नाही. उभा राहतो आन् देवाचं नाव घेतो, का बा, इकडं कोणी येऊ नोको."

मग गुड्डू म्हणाला, "आन् तरी तू मले मंगळवारी मुसळ मारणार होतास?"

"नाही मारत होतो. मंगळवारी ताप येणार होता मले."

नूतननं तोंडात पदर कोंबला. पण बाहेर गुड्डू हसला नव्हता.

"डॉक्टर काढत नाहीत का हा रॉड?"

"काढतात. हाड जुळलं, ये, काढून टाकू, असं कवाचं सांगितलं हाय. टोक गेलं का गुडघाही वाकन म्हणतात. मीच गेलो नाही."

"काऊन?"

"भेव वाटते, गा. कापतात तिथं. आन् कापलं नाही तरी..." दुधराम अडखळला. "रॉड काढल्यावर मी कोण राहिलो? कोणी बोट तरी दाखवन का?"

मी आत पानांची चळत हातात धरून उभी होते. गुड्डू आता काय बोलेल याचं मला भय वाटलं. त्याची जीभ काही माझ्यासारखी नाही. उद्या मैदानात जाऊन हसत सगळ्यांना सांगेल, आणि दुधराम पुन्हा घराबाहेर पडणार नाही.

"मी येतो संगं," गुड्डू म्हणाला.

"कोठी?"

"गोंदियाले. काढाले. तू आत, मी बाहेर बसतो. आन् परत आल्यावर तू कोपऱ्यातच उभा राहायचं. बाजूले मी उभा राहीन. कोणाले काय माहीत आत रॉड हाय का नाही? चुंबक तं तेव्हाही चिकटला नव्हता."

"कोणाले सांगशील?"

"कोणालेच नाही."

"तुह्या भावाले?"

"त्याले तं आधी नाही."

"वयनीले?"

"तिले सांगावं लागत नाही, गा."

मी पानं उचलून हळूच सांदवाडीत गेले.

मंगळवार उजाडला. मुसळ मी उखळाजवळ उभं करून ठेवलं होतं, कारण शब्द दिला होता. टीमची पोरं मैदानात जमू लागली होती. कप्तान गुड्डूचा पाय मोडणार हे गावभर झालेलं, एक जण तर चहा विकायला आला होता. आमचे हे अंगणात दात घासत होते, तोंडात दंतमंजन होतं म्हणून ओरडले नाहीत.

गुड्डू आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून बाहेर आला. उखळाजवळून गेला, मुसळाकडे पाहिलंही नाही. गोठ्याजवळची मोटरसायकल त्यानं चालू न करता बाहेर काढली. मी डबा पुढं केला. दोघांपुरत्या पोळ्या, कालचा चुरमा.

"वयनी, गोंदियाले जाऊन राहिलो. कोणी विचारलं तं सांग, टीमच्या बनियनी आणाले गेला."

"मी खोटं बोलत नाही, बाबू."

"मंग काहीच नोको सांगू."

"ते जमते."

तो आत गेला, स्वतःच्या अंथरुणातली गोधडी घेऊन आला. चौघडी करून मागच्या सीटवर ठेवली, दाबून पाहिली, एका बाजूला थोडी जास्त जाड केली, आणि सुतळीनं बांधली. मग गाडी हातानं ढकलत, मैदानाचा रस्ता सोडून, गोठ्यामागच्या पायवाटेनं तो दुधरामच्या घराकडे निघाला.